हूक कुठवर पोहोचतो? कारखान्यातल्या क्रेनची सोपी ओळख

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा मोबाइल हातात धरून दारात उभा राहिला. आयटीआय फिटर, वय बावीस. त्याच्या ग्रुपवर नोकरीची जाहिरात आली होती: नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यासाठी १० टन डबल गर्डर ईओटी क्रेन ऑपरेटर पाहिजे, पेंडंट व रिमोटचा अनुभव, एम ५ ड्यूटी. "काका, क्रेन म्हणजे आपली रोडवरची हायड्रा, तेवढं माहीत आहे. पण हे ईओटी काय राहते? आणि दहा टन उचलायला डबल गर्डर कशाला पाहिजे?"

माझी तीस वर्षं हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये गेली. त्यातली बरीचशी क्रेनच्या खाली उभं राहून, नाहीतर क्रेनच्या वर चढून. त्याला समजावता समजावता लक्षात आलं की हा गोंधळ त्याच्या एकट्याचा नाही. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, मिहान इथल्या शेडमध्ये रोज क्रेन चालतात. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यापासून वाडी-कापसीकडच्या गोदामांचीही चर्चा वाढली आहे. पण बाहेरून जाणाऱ्याला दिसते ती फक्त पत्र्याची भिंत. आत काय चाललंय ते ज्याचं पोट त्यावर आहे त्यालाच ठाऊक.

## आधी जमिनीवर खडूने आकार काढा

क्रेनचे प्रकार पाठ करायला बसलात तर डोकं गरगरेल, कारण नावं पन्नास आहेत. मी त्या मुलाला वेगळा प्रश्न विचारायला सांगितला: या क्रेनचा हूक जमिनीवर कुठे कुठे पोहोचू शकतो? त्या जागेभोवती मनातल्या मनात खडूने रेघ मारायची. जो आकार उमटेल तोच त्या क्रेनचा प्रकार.

विहिरीवरचा रहाट घ्या. बादली वर-खाली होते, पण विहीर सोडून कुठे जात नाही. खडूने काढायचं तर एक ठिपका. कारखान्यातला असा ठिपका म्हणजे चेन पुली ब्लॉक, ज्याला आपल्याकडचे कामगार सरळ 'चैन कुप्पी' म्हणतात. वर तुळईला अडकवायचा, हाताने साखळी ओढत राहायची. तीस-चाळीस किलोचा जोर लावून एक टन वजन उचललं जातं. फुकट काही मिळत नाही, म्हणून माल एक मीटर वर जायला हातातली साखळी चाळीसेक मीटर ओढावी लागते. जोर कमी लागतो, वेळ जास्त जातो. क्रेनचं सगळं शास्त्र या एका देवघेवीवर उभं आहे.

हाच ब्लॉक, किंवा त्याची विजेवर चालणारी बहीण होइस्ट, एका लांब तुळईवर चाकं लावून सरकवली की ठिपक्याची रेघ होते. ही मोनोरेल. रंगकामाच्या किंवा पॅकिंगच्या रांगेत, जिथे माल एकाच वाटेने जातो, तिथे ती पुरते.

एका खांबाला आडवा हात लावला आणि हात फिरायला लागला, तर खडूने वर्तुळ निघतं. भिंतीला लावला तर अर्धवर्तुळ. ही जिब क्रेन. लेथसमोर, म्हणजे लोखंड फिरवून कातणाऱ्या यंत्रासमोर, ती हमखास दिसते. ऑपरेटरला दोनशे-तीनशे किलोचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत बसवायचा असतो, त्यासाठी अख्ख्या शेडची मोठी क्रेन अर्धा तास अडवून ठेवणं परवडत नाही. माझं मत विचाराल तर नागपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सर्वात दुर्लक्षित क्रेन हीच. मालक मोठ्या क्रेनवर खर्च करतात आणि रोज शंभरदा उचलायच्या छोट्या वजनाला माणसाची कंबर लावतात.

## आणि ही ईओटी

आता आयत. दोन समोरासमोरच्या भिंतींवर एक आडवी शिडी ठेवली आहे असं समजा. शिडी भिंतींवरून पुढे-मागे सरकते, शिडीवर एक डबा डावी-उजवीकडे सरकतो आणि डब्यातून दोरी खाली सुटते. झाली ईओटी. पूर्ण नाव इलेक्ट्रिक ओव्हरहेड ट्रॅव्हलिंग, म्हणजे विजेवर चालणारी, डोक्यावरून फिरणारी.

भिंतींच्या जागी शेडचे खांब असतात. खांबांना छताच्या जरा खाली ब्रॅकेट काढून त्यावर रूळ टाकलेले असतात. शिडीच्या जागी गर्डर, म्हणजे जाड लोखंडी तुळई. डब्याच्या जागी ट्रॉली. गर्डर शेडच्या लांबीत धावतो त्या हालचालीला 'एलटी' (लाँग ट्रॅव्हल) म्हणतात, ट्रॉली आडवी धावते ती 'सीटी' (क्रॉस ट्रॅव्हल), आणि तिसरी हूक वर-खाली करणारी होइस्ट. तीन हालचाली, प्रत्येकीला दोन दिशा, म्हणून सहा बटणं. ती ज्या डबीवर असतात आणि जी क्रेनवरून लोंबत असते, ती पेंडंट. हल्ली बहुतेक ठिकाणी रिमोटही असतो. भट्टीजवळच्या किंवा फार मोठ्या क्रेनवर ऑपरेटर वर केबिनमध्ये बसतो.

मुलाचा दुसरा प्रश्न होता, डबल गर्डर कशाला? सिंगल गर्डरमध्ये होइस्ट तुळईच्या खाली लटकते. तिची स्वतःची उंची हूकच्या उंचीतून वजा होते. डबल गर्डरमध्ये ट्रॉली दोन तुळयांच्या डोक्यावर बसते आणि हूक दोघींच्या मधून वर चढतो. तीच शेड, तेच छत, पण हूक आणखी वर जातो. उंच जॉब ठेवलेल्या मशीनवरून दुसरा जॉब न्यायचा असेल तर हे अंतर सोन्यासारखं. शिवाय वर चालायला फळी मिळते, मेंटेनन्सवाल्याला ब्रेक उघडून बघता येतो. दहा टन हे वजन तसं सिंगल गर्डरही उचलते. पण गाळा, म्हणजे खांबांच्या दोन रांगांमधली जागा, रुंद असेल किंवा क्रेन दिवसभर चालणार असेल, तर डबलच घेतात.

आयताला एक खोट आहे, ती विकणारा सहसा सांगत नाही. हूक भिंतीला चिकटून कधीच जात नाही. ट्रॉलीला स्वतःची रुंदी आहे, गर्डरच्या टोकाला चाकांचा सांगाडा आहे. म्हणून चारही बाजूंना एक पट्टा असा उरतो जिथे क्रेन असूनही नसल्यासारखी. नवीन शेडमध्ये मशीन 'जागा वाचावी' म्हणून भिंतीला लावून बसवतात आणि मग सहा महिन्यांनी तिची मोटर काढायची वेळ आली की हूक तीन फूट अलीकडेच थांबतो. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता नकाशावरच तो पट्टा लाल पेनाने रंगवायला सांगतो.

खांबांचा आधार नसेल, उघड्या यार्डात काम असेल, तर क्रेनला स्वतःचेच पाय देतात. जमिनीवर रूळ, त्यावर दोन उंच पाय, वर गर्डर. ही गँट्री किंवा गोलायथ. कंटेनर डेपोत अशाच जातीच्या क्रेनला रुळांऐवजी रबरी चाकंही लावतात. इथे शब्दाचा एक गुंता आहे. आपल्याकडचे फॅब्रिकेटर ईओटीच्या रुळाखालच्या तुळईलाही 'गँट्री' म्हणतात. कोटेशन मागवताना दोघं वेगवेगळ्या गोष्टी समजून बसतात, तेव्हा 'पायवाली क्रेन' की 'रुळाखालचा गर्डर' हे एकदा तोंडाने विचारून घ्यावं.

## मग रस्त्यावरची हायड्रा?

तिचा आकार खडूने काढताच येत नाही, कारण ती चाकांवर कुठेही जाते. हेच तिचं सुख आणि हीच तिची भीती.

दहा किलोची पिशवी छातीशी धरून उभे राहा. आता तीच पिशवी हात लांब करून धरा. वजन तेवढंच, पण तुम्ही पुढे झुकता. हायड्राचंही तसंच. तिच्या अंगावर १४ टन लिहिलेलं असतं ते बूम, म्हणजे तिचा लांब हात, पूर्ण आत घेतलेला असताना आणि माल अगदी जवळ असतानाचं. बूम जितका लांब, तितकं उचलायचं वजन झपाट्याने कमी. प्रत्येक मशीनबरोबर त्याचा तक्ता येतो, लोड चार्ट. तो केबिनमध्ये चिकटवलेला नसेल तर त्या हायड्राला गेटवरूनच परत पाठवावं, असं मी स्पष्ट सांगतो.

दुसरी अडचण अशी की जुन्या धाटणीची हायड्रा कमरेत वाकून वळते. वळताना तिचा तोल बदलतो आणि सरळ असताना जेवढं पेललं होतं तेवढं आता पेलत नाही. पुढचा बूम आणि लटकता माल ड्रायव्हरची नजर अडवतो. त्यात एखादा पोरगा माल झुलू नये म्हणून हाताने धरून मशीनच्या पुढे चालतो. ठेच लागून पडला तर तो ड्रायव्हरला दिसत नाही. म्हणूनच अनेक मोठ्या प्रकल्पांवर या जुन्या हायड्रांना बंदी आहे. गल्लीतल्या कामाला तिच्याशिवाय भागत नाही हेही खरं, पण मालाला दोर बांधून लांबून धरायचा, पुढ्यात चालायचं नाही, एवढं तरी व्हायलाच हवं.

## टनाच्या आकड्यात काय दिसत नाही

जाहिरातीतला 'एम ५' हा शब्द मुलाने सोडूनच दिला होता. मला तोच सर्वात मोलाचा वाटतो.

घरचा मिक्सर आणि रसवंतीवरचा मिक्सर शेजारी ठेवा. भांडं तेवढंच, पण घरचा मिक्सर दुकानात लावला तर आठवड्यात जळेल. क्रेनचं तेच. किती वजन हा एक प्रश्न, किती वेळा आणि किती भरून हा दुसरा. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एम १ ते एम ८ अशा वर्गांत देतात. यालाच ड्यूटी म्हणायचं. आकडा जितका मोठा, तितकं काम दमवणारं.

कोराडी-खापरखेड्यासारख्या औष्णिक केंद्रात टर्बाइनच्या हॉलवर भली मोठी क्रेन असते. ती अवजड भाग उचलते, पण मुख्यतः यंत्र उघडायची वेळ येते तेव्हाच. एरवी गप्प उभी. उलट भंगार वितळवणाऱ्या कारखान्यातली लहानशी क्रेन चुंबक लावून रात्रंदिवस राबते, आणि प्रत्येक फेरीत जवळजवळ पूर्ण भरलेली. दोघींत दमणारी कोण, ते सांगायला नको. तापलेल्या लोखंडाच्या रसाची बादली उचलणारी क्रेन तर आणखी वरच्या वर्गातली असते, तिला ब्रेकही जास्तीचे लावतात, कारण तिथे चुकीला माफी नसते.

म्हणून दोन कोटेशनमध्ये '१० टन' सारखं असून किंमत दीडपट वेगळी दिसली, तर आधी ड्यूटीचा वर्ग बघा. स्वस्तातली क्रेन वाईट असतेच असं नाही. ती कदाचित दिवसातून चार वेळा उचलण्यासाठी बनवली असेल, आणि तुम्हाला चाळीस वेळा उचलायचं असेल.

## नागपूरचं ऊन आणि काळी माती

हे पुस्तकात एका ओळीत असतं. आपल्या जिल्ह्यात ते रोज भोगावं लागतं.

लोखंड तापलं की वाढतं. १०० मीटर लांब रूळ जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असतो आणि मे महिन्यात टिनाच्या पत्र्याखाली ५० अंशांवर. हिशेब केला तर तो जवळजवळ पाच सेंटीमीटर लांबतो. त्याला वाढायला फट ठेवली नसेल तर तो खांबांना ढकलतो किंवा वाकतो. साधारण विजेच्या मोटरी ४० अंशांची हवा धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेरच ४५ अंश होतात आणि शेडमध्ये गरम हवा वर चढून छताशी साचते. क्रेनच्या मोटरी नेमक्या तिथेच. नागपूरसाठी क्रेन मागवताना ५० अंशांच्या मोटरी लेखी मागाव्या. केबिनवाली क्रेन असेल तर केबिन थंड ठेवायची सोय ही चैन नव्हे. दुपारी दोन वाजता गरगरणारा ऑपरेटर वीस जण काम करत असलेल्या शेडमधून दहा टन नेत असतो.

काळी माती त्याहून चिवट. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया त्या हिशेबाने घेतला नाही तर खांब एकसारखे बसत नाहीत. डोळ्याला कळत नाही, क्रेनला कळतं. मी जिथे काम केलं त्यातल्या एका ठिकाणी क्रेनची चाकं वर्षभरात झिजायची. दोन वर्षांत आम्ही तीनदा चाकं बदलली, दर वेळी चाक बनवणाऱ्याला दोष दिला. रुळाखाली रोज चकचकीत लोखंडाचा भुगा पडायचा आणि झाडूवाली बाई तो उचलून न्यायची. शेवटी एकाने खांबांची लेव्हल तपासली. एका बाजूचे तीन खांब खचले होते, रूळ तिरपे झाले होते आणि क्रेन बिचारी अंग चोरून चालत होती. दोष चाकाचा नव्हताच. तो भुगा पहिल्याच महिन्यात कुणी गंभीरपणे घेतला असता तर केवढा खर्च वाचला असता. तेव्हापासून नवीन शेडमध्ये गेलो की मी आधी रुळाखालची जमीन बघतो.

## "फोर्कलिफ्ट आहे ना, मग क्रेन कशाला?"

बरेचदा खरोखरच नको. पॅलेटवर रचलेली खोकी असतील, हजार-दीड हजार किलोच्या आतलं वजन असेल, तर गोदामात फोर्कलिफ्टच बरी. वाडीकडच्या बहुतेक गोदामांना क्रेन घ्या असं मी सांगणार नाही.

फरक समजायला नागपूरचा वर्धा रोड डोळ्यासमोर आणा. खाली ऑटो, वर मेट्रो. ऑटो दारापर्यंत जातो, पण रस्ता खातो. मेट्रो खालचा रस्ता मोकळा ठेवते, पण रूळ नेतील तिथेच जाते. फोर्कलिफ्टला वळायला साडेतीन-चार मीटरची गल्ली लागते आणि ती गल्ली कायमची रिकामी ठेवावी लागते. ईओटीला जमिनीवर गल्लीच लागत नाही. म्हणून सहा मीटरचे पाइप, पत्र्याच्या कॉइल, जाड प्लेटा, साचे यांच्या गोदामाला क्रेन शोभते. माल लांब किंवा फार जड असेल तर फोर्कलिफ्टची दोन बोटं त्याला पुरत नाहीत.

तिसरी जात आहे ती स्टॅकर क्रेन. उंच मांडण्यांच्या दोन भिंती, मध्ये दीडेक मीटरची अरुंद गल्ली, आणि त्या गल्लीत रुळावर धावणारा एक उंच खांब. खांबावरून काटा वर-खाली होतो आणि संगणक सांगेल त्या खणात पॅलेट ठेवतो किंवा काढतो. इथे खडूची रेघ जमिनीवर नव्हे, भिंतीवर काढायची. मांडण्या तीस मीटरच्या आसपासही नेता येतात. जमीन महाग आणि मालाची ये-जा अखंड असेल तर हिशेब जुळतो. आपल्याकडे शहराबाहेर अजून पसरायला जागा आहे, म्हणून इथे घाई करू नये.

## "लाइट गेली तर माल डोक्यावर पडेल ना?"

हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला गेला आहे, आणि उत्तर दिलासा देणारं आहे. कपडे वाळत घालायचा चिमटा आठवा. तो आपोआप बंदच असतो, उघडायला बोटांनी दाबावं लागतं. क्रेनचा ब्रेक तसाच. स्प्रिंग त्याला सतत आवळून धरते, वीज त्याला उघडते. वीज गेली की चिमटा मिटतो आणि माल जिथल्या तिथे लटकत राहतो. लटकलेल्या मालाखाली कुणी जायचं नाही आणि वीज येईपर्यंत भोवती दोरी बांधायची, एवढं बाकी.

हूक फार वर गेला तर? त्याला लिमिट स्विच असतो, गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटसारखा. टाकी भरली की पंप बंद, हूक वर पोहोचला की होइस्ट बंद. मात्र काही ऑपरेटर रोज हूक वर नेऊन लिमिटवरच थांबवतात, म्हणजे बटण सोडायचे कष्ट नकोत. तो स्विच शेवटचा पहारेकरी आहे. त्याला रोज मारलं तर ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी तो दगा देईल. पाळी सुरू होताना रिकामा हूक हळूच वर नेऊन तो काम करतो का हे एकदा बघायचं आणि पुढे दिवसभर त्याच्या वाट्याला जायचं नाही.

"पण क्रेन कोसळतात, आम्ही बातम्यांत पाहतो," असं कुणी म्हणेल. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धीच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि २० माणसं गेली. ते दुःख विसरण्यासारखं नाही. ते यंत्र पुलाबरोबर स्वतःची जागा बदलत जातं, उघड्यावर, उंचावर. शेडमधली ईओटी एकाच रुळावर आयुष्य काढते, म्हणून तिचे धोके निराळे आणि रोज तपासता येण्यासारखे असतात. उघड्यावरच्या गोलायथला मात्र वाऱ्याची भीती आहे. आपल्याकडे मे-जूनमध्ये संध्याकाळी अचानक वावटळ उठते. काम संपल्यावर तिला रुळाला क्लॅम्पने जखडून ठेवलं नसेल तर वारा तिला ढकलत नेऊ शकतो.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २९ खास या यंत्रांसाठी होतं. सुरक्षित भार यंत्रावर ठळक लिहायचा. किमान १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी. रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून ६ मीटरच्या आत येता कामा नये. तपासणीचा दाखला मागायला कामगाराने लाजू नये.

## "पाचपट ताकद ठेवतात म्हणे, मग थोडं जास्त उचललं तर?"

वायर रोपचा स्लिंग, म्हणजे हूकमधून मालाला गुंडाळायचा दोर, लिहिलेल्या वजनाच्या साधारण पाचपट भाराला तुटेल असा बनवतात. नवी क्रेनही एकदा सव्वापट भाराने तपासली जाते. त्यावरून कारखान्यात हिशेब मांडला जातो की १० टनावर १२ टन चालतंय. पण ती पाचपट जागा आधीच खर्चलेली असते. माल झटक्याने उचलला की भार वाढतो. दोर धारदार कोपऱ्यावर वाकला की ताकद घटते. झीज, गंज, तुटलेल्या तारा वेगळ्या. आणि सर्वात मोठा चोर म्हणजे कोन.

दोघांनी मिळून एकच बादली उचलली आहे. जवळ जवळ उभे असाल तर सोपं. आता दोघंही लांब सरका, हात आडवे होत जातील आणि दंड दुखायला लागतील. बादलीत पाणी तेवढंच. एक टनाचा माल दोन पायांच्या स्लिंगने उचलताना स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक पायावर ५७७ किलो येतात. ४५ अंशांना ७०७. आणि ३० अंशांना प्रत्येक पायावर पूर्ण १००० किलो, म्हणजे दोन पाय असून एकाचाच उपयोग. आखूड स्लिंगने लांब माल उचलणं इतकं महागात पडतं. जरा लांब स्लिंग शोधायला लागणारी पाच मिनिटं वाचवू नयेत.

कापडी बेल्टला रंगांची भाषा आहे, ती पाठच करावी: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८ आणि आपला नारिंगी १० टन. बेल्टला गाठ मारायची नाही, कोपऱ्याखाली जुन्या टायरचा तुकडा घालायचा. हूककडेही बघा. चांगला हूक अशा लोखंडाचा असतो की जास्त भाराने तो काचेसारखा फुटण्याआधी हळूहळू उघडतो. तोंड फाकलेला हूक म्हणजे त्याने कधीतरी अति सोसलं आहे. तो ठोकून सरळ करायचा नाही, भंगारात टाकायचा.

## "क्रेन आली की हमालाची भाकरी गेली"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, माझे आजोबा पाठीवर पोती वाहत. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये कायदा झाला, कारण ओझं वाहणाऱ्याला कुणी वाली नव्हता. विदर्भाच्या कापसाची एक गाठ १७० किलोची असते. ती माणसांनी ढकलत, लोळवत, पाठीवर घेत चढवली आहे. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे क्रेट दिवसभर उतरवणाऱ्याच्या गुडघ्यांना पन्नाशीत विचारा काय झालं ते. काही हातांचं काम क्रेन घेते हे खरं आहे. पण पाठीवरचं ते १७० किलोंचं ओझं टिकवून ठेवावं असं मला वाटत नाही.

मला हवं ते वेगळं आहे. क्रेन बसवणाऱ्या मालकाने बाहेरून माणूस आणण्याआधी आपल्याच हमालाला रिगर, म्हणजे माल बांधून हूकला लावणारा, करावं. माल कुठे धरायचा, तोल कुठे आहे, दोर कुठे घसरेल, हे त्याच्या हातांना ठाऊक असतं. ते ज्ञान वर्गात मिळत नाही. जुने खलाशी, म्हणजे अवजड माल हलवणारे कामगार, अजूनही 'हाबेस' म्हणाले की उचल आणि 'आरिया' म्हणाले की सोड. जहाजांवरून किनाऱ्याला उतरलेले हे शब्द समुद्रापासून इतक्या लांब, आमच्या शेडमध्ये येऊन पोहोचले. अशा माणसाला आठवडाभर हाताच्या खुणा आणि स्लिंगचे कोन शिकवले तर तो दहा आयटीआयवाल्यांना पुरून उरेल.

## "सहा बटणं तर दाबायची, त्यात शिकायचं काय?"

मुलाने हेच विचारलं. मी त्याला जिन्यात नेलं, सुतळीला पाण्याची भरलेली बाटली बांधली आणि म्हटलं, सुतळी वरून धरून दोन पावलं चाल आणि थांब. तो थांबला, बाटली थांबली नाही.

लटकता माल म्हणजे पाळणा. दोर सहा मीटर सुटला असेल तर एक झोका पूर्ण व्हायला सुमारे पाच सेकंद लागतात. गंमत अशी की माल एक टन असो की दहा, झोक्याचा वेळ तोच. तो फक्त दोराच्या लांबीवर ठरतो. दहा टन हाताने थांबत नाहीत. तो झोका क्रेननेच पकडायचा असतो. माल पुढे झुलून टोकाला पोहोचत असताना क्रेन त्याच्या डोक्यावर नेऊन उभी करायची, की दोर सरळ होतो आणि माल शांत. एक क्षण आधी किंवा नंतर दाबलं तर झोका दुप्पट. हे बोटांना यायला महिने लागतात. नुसतं एकदम दाब-सोड, दाब-सोड करणाऱ्याच्या हाताखाली माल तर झुलतोच, शिवाय गिअर आणि ब्रेक मरतात.

आणि तिरकं ओढायचं नाही. हूक मालाच्या बरोबर डोक्यावर नसताना उचललं तर माल सुटल्याबरोबर हातोड्यासारखा बाजूला धावतो, आणि वर दोर ज्या ड्रमवर गुंडाळतो त्याच्या खाचेतून उडी मारतो. जमिनीवरून माल ओढत आणायला क्रेन वापरणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या पायांवर आलेला माल उचलायला धावलोही आहे. खूण देणारा माणूस एकच ठरवायचा, त्याच्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. फक्त 'थांब' ही खूण कुणाचीही असो, अगदी झाडूवाल्या बाईचीही, हात तत्काळ बटणावरून निघाला पाहिजे.

त्याची ट्रायल पुढच्या मंगळवारी आहे. काल रात्री जेवून वर येताना जिन्यात थबकलो. सुतळीला बाटली तशीच होती, खाली फरशीवर खडूने एक फुली काढलेली, आणि तो तीन पावलं चालून ती बाटली फुलीवर गप्प उभी करत होता. झाकण काढून ठेवलं होतं. फरशी कोरडी होती.